तास पडद्यावर गेला तेव्हा

मार्च 2020 च्या मध्यावर महाराष्ट्रातली महाविद्यालये बंद झाली आणि पाठोपाठ देशभर टाळेबंदी लागली. परीक्षा तोंडावर होत्या, अभ्यासक्रम उरला होता. आम्हा प्राध्यापकांच्या हाताशी व्हॉट्सॲपचे ग्रुप, झूम आणि गुगल मीट होते. वर्गात घेतला असता तोच तास आम्ही मोबाइलसमोर बसून घेऊ लागलो.

दूरच्या विद्यार्थ्याला शिकवणे आपल्याकडे नवे नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरचित्रवाणीवरचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 1984 मध्ये सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून स्वयंअध्ययनाची पुस्तके काढत आले आहे. केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम’ 2017 मध्ये आले. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत घटक लहान असतात, सुरुवातीला उद्दिष्टे असतात आणि वाचता वाचता सोडवायचे प्रश्न असतात, कारण शिक्षक समोर नाही हे धरूनच ती लिहिलेली असतात. पारंपरिक महाविद्यालयांनी मात्र या अनुभवाकडे फारसे पाहिले नव्हते.

पडद्यावर सलग तासभर बोलून चालत नाही, हे लवकरच उमगले. कॅमेरे बंद, माइक म्यूट, समोर नुसती नावे. मग काहींनी तास मोडला. पंधरा मिनिटांचे विवेचन, एक प्रश्न, चॅटमध्ये उत्तरे, मग पुढचा मुद्दा. वाचून समजेल ते आधी पाठवायचे आणि तासाला फक्त शंका घ्यायच्या. ज्यांनी हे केले त्यांना आपल्याच विषयाकडे नव्याने पाहावे लागले. यातले काय सांगायलाच हवे आणि काय विद्यार्थी स्वतः करू शकतो, हा प्रश्न कित्येक वर्षांत आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

रेंजचा प्रश्न सगळ्यात कठीण होता. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम 15 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक 5 टक्के घरांतही नव्हता. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तिथे तर मोबाइल चार्ज करणेही अवघड झाले. अशा विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रित छोटे पाठ आणि पीडीएफ टिपणे थेट तासापेक्षा जास्त उपयोगी पडली.

प्रात्यक्षिकांचे दुखणे वेगळे होते. ‘व्हर्च्युअल लॅब’मध्ये अनुमापनाची कृती समजते. पण ब्यूरेटमधून एक थेंब जास्त पडला की फिकट गुलाबीचा गडद रंग होतो, हे हाताला शिकावे लागते. त्या काळात पदवी घेतलेल्या विज्ञानाच्या मुलांची ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था फार थोड्या ठिकाणी झाली.

परीक्षांनी सर्वांत मोठे नुकसान केले. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. त्यानंतर विद्यापीठांनी बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांचा मार्ग धरला. इतिहासात कारणमीमांसा लिहायची तिथे सनावळी विचारली गेली. शिकवण्यात जे थोडे बदलले होते, त्याची दखल मूल्यमापनाने घेतलीच नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये वर्ग पुन्हा उघडले. त्याआधी मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याचा मसुदा मांडला होता. पण टक्केवारी ठरवून अभ्यासक्रम घडत नाही. कोणता घटक समोरासमोर आणि कोणता घरी, हे त्या विषयाच्या शिक्षकालाच ठरवता येते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांत अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. अभ्यास मंडळांवरच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रत्येक घटकापुढे तो कसा शिकवायचा आणि कसा तपासायचा हे लिहा. प्रयोगशाळेचे आणि चर्चेचे तास कोणत्याही कारणाने पडद्यावर ढकलू नका. आणि रेंज नसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवूनच ऑनलाइन भाग तयार करा.