रोपाला थंडी, फुलाला घाई

मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये बसलो तर अभ्यास लवकर होईल का? नाही ना! पण काही रोपांच्या बाबतीत मात्र अगदी तसंच घडतं. थंडीत ठेवलेलं रोप आधी फुलतं!

या प्रकाराला वसंतीकरण, म्हणजेच व्हर्नलायझेशन म्हणतात. १९१८ साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह गासनर यांनी दाखवलं की हिवाळी राय या धान्याच्या अंकुरलेल्या बियांना थंडी दिली, तर वसंतात पेरूनही त्याच वर्षी पीक फुलोऱ्यावर येतं. पुढे हीच युक्ती फुलझाडांसाठी वापरली गेली.

आता कोलंबाइनचं, म्हणजे अ‍ॅक्विलेजियाचं उदाहरण घेऊ. थंड देशांत उन्हाळ्यात पेरलेलं हे रोप हिवाळा बर्फात काढतं आणि पुढच्या वसंताच्या अखेरीस फुलतं. पण नर्सरीवाल्याला फुलं फेब्रुवारीत हवी असतात. मग तो काय करतो? ऑक्टोबरमध्ये रोपं शीतगृहात नेतो, सुमारे ५ अंश सेल्सिअसला दहा आठवडे ठेवतो आणि नंतर साधारण १८ अंशांच्या काचघरात आणतो. सहा-सात आठवड्यांत कळ्या हजर!

पण अटी आहेत बरं का! रोप फार लहान असेल तर त्याला थंडी 'कळतच' नाही. कोलंबाइनच्या बऱ्याच जातींना आधी साधारण बारा पानं यावी लागतात. थंडी ओळखतो तो शेंड्याचा वाढता भाग. तापमान गोठणबिंदूच्या खाली गेलं तर उपयोग होत नाही, कारण पेशींचं काम चालू राहायला हवं. शीतगृहात मंद उजेड लागतो, आणि पाणी जास्त झालं की बुरशी आलीच. थंडी अपुरी राहिली आणि लगेच ३० अंशांच्या वर ऊन लागलं, तर केलेली मेहनत पुसली जाऊ शकते.

हे घडतं कसं? अ‍ॅराबिडोप्सिस या छोट्या वनस्पतीत एफएलसी नावाचा जीन फुलोऱ्याला ब्रेक लावून ठेवतो. थंडीचे आठवडे मोजले जातात तसा हा ब्रेक सुटत जातो, आणि ऊब परतल्यावरही सुटलेलाच राहतो. म्हणजे थंडी फूल बनवत नाही, फक्त अडथळा काढते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक काउंटर आणि त्याला जोडलेली मेमरी! इतर झाडांत यंत्रणा वेगळी असते, पण तत्त्व असंच.

आपल्या पुण्यात थंडीतल्या काही रात्री पारा १० अंशांखाली जातो, पण दुपारी तो ३०च्या आसपास पोचतो. म्हणून इथे अशी फुलं हवी असतील तर शीतगृहाला पर्याय नाही. आणि तिथेच आपलं काम सुरू होतं. दहा आठवडे तापमान स्थिर ठेवायचं, वीज गेली तरी! एका आठवड्याची चूक म्हणजे सणाचा बाजार हुकला, आणि सण उलटून गेल्यावर उमललेलं फूल विकत कोण घेणार?

तेव्हा पुढच्या वेळी थर्मोस्टॅटचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं वाटलं, तर त्या कळ्यांची आठवण ठेवा!