खडीचा महामार्ग

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाऊस फार. तेथील घाटात पाणी मुरून सडक खचू नये, म्हणून कडेला चर आणि खाली मोऱ्या असतात.

कॅनडाच्या उत्तरेकडील डेम्पस्टर महामार्गाची अडचण वेगळी आहे. तो १९७९ साली खुला झाला. तेथील जमिनीच्या पोटात बारमाही बर्फ आहे. तो वितळला की सडक खचते. बर्फाची लादी आपण भुशात झाकतो ना? तसाच तेथे खडीचा जाड थर घातला आहे.

राहण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन लोक या वाटेने जातात. दक्षिणेकडून निघाल्यावर सुमारे ३७० किलोमीटर पेट्रोल पंप नाही. म्हणजे जवळजवळ कोल्हापूर ते मुंबई! टोकदार खडीने टायर फाटतात. म्हणून पेट्रोल, पाणी, शिधा व जादा टायर जवळ हवेत. वाटेत दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात गाड्या बोटीतून नेतात. हिवाळ्यात त्या गोठलेल्या नदीवरून जातात. बर्फ धरताना व फुटताना मात्र वाट बंद असते.

सडक बांधणाऱ्याने जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो आणि प्रवाशानेही. घाई करणारा तेथे अडकतो; तयारीने जाणारा सुखरूप पोहोचतो.