नांगराला दोर की साखळी?

समुद्रात बोट उभी करायची तर नांगर टाकावा लागतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु नांगर आणि बोट यांना जोडणारा दुवा कशाचा असावा, हा प्रश्न किनाऱ्यावरून समुद्र पाहणाऱ्यांच्या मनात सहसा येत नाही. गेटवे ऑफ इंडियासमोर किंवा मांडव्याच्या धक्क्याजवळ डुलणाऱ्या बोटी पाहताना त्या आपल्या जागी कशाच्या आधाराने टिकून आहेत, याचा विचार आपण करीत नाही. ज्यांची उपजीविका किंवा जीव त्या आधारावर अवलंबून असतो, त्यांच्यासाठी मात्र हा प्रश्न कळीचा आहे.

नांगर सुटला तर काय होते, याचा दारुण अनुभव मुंबईने मे २०२१ मध्ये घेतला. तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्राजवळ उभी असलेली 'पी-३०५' ही निवासी बार्ज नांगर सुटून भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ जण होते; त्यांपैकी सत्तरच्या आसपास लोकांना प्राणांस मुकावे लागले. एवढ्या मोठ्या तराफ्याचे गणित आणि दहा-बारा मीटर लांबीच्या बोटीचे गणित वेगळे असले, तरी नियम एकच आहे. नांगर, त्याचा दोर किंवा साखळी, आणि बोटीवरील खुंट या तिन्हींपैकी जे सर्वात दुबळे, तेवढीच संपूर्ण व्यवस्थेची ताकद.

नांगर धरतो कसा?

नांगर स्वतःच्या वजनाने बोटीला रोखून धरतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लहान बोटीचा नांगर पंधरा-वीस किलोचा असतो आणि बोट काही टनांची. शेतातील नांगराप्रमाणेच समुद्रातील नांगराचा फाळ तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुततो आणि त्या मातीच्या विरोधावर बोट टिकते. मात्र त्यासाठी नांगरावरील ओढ जमिनीला जवळजवळ समांतर असावी लागते. ओढ वरच्या दिशेने आली की फाळ उपटून निघतो. नांगर काढताना खलाशी नेमके हेच करतात: बोट नांगराच्या थेट वर आणतात आणि सरळ वर खेचतात.

म्हणून दोर असो वा साखळी, तिची लांबी खोलीच्या कित्येक पट ठेवावी लागते. ही पट मोजताना पाण्याच्या खोलीत बोटीच्या नाळेची पाण्यापासूनची उंचीही मिळवायची असते. ताणलेला सरळ दोर या उंचीच्या तिप्पट लांबीचा असेल, तर तो तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन करतो. सातपट असेल, तर सुमारे ८ अंशांचा. दोर वापरणाऱ्यांनी सातपट आणि साखळी वापरणाऱ्यांनी चार ते पाचपट लांबी सोडावी, हा जगभरातील रूढ संकेत यातूनच आला आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर या हिशेबात भरती-ओहोटी विसरून चालत नाही. येथे उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. समजा, ओहोटीच्या वेळी ३ मीटर पाण्यात बोट नांगरली आणि नाळेची उंची १ मीटर आहे. या ४ मीटरच्या सातपट, म्हणजे २८ मीटर दोर सोडून खलाशी निश्चिंत झाला. सहा तासांनी पाणी ४ मीटर चढले की एकूण उंची ८ मीटर होते आणि तोच २८ मीटरचा दोर जेमतेम साडेतीनपट उरतो. रात्री वारा वाढला, तर अशी बोट नांगर ओढीत खडकाकडे निघालीच म्हणून समजावे. लांबी नेहमी भरतीच्या पाण्यावरून ठरवावी. या उदाहरणात ती ५६ मीटर हवी होती.

साखळीचे बळ आणि तिची मर्यादा

दोन हजार वर्षांपूर्वीही हा प्रश्न दर्यावर्दींपुढे होता. आजच्या फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील व्हेनेटी लोक नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळ्या लावीत, अशी नोंद ज्युलियस सीझरने आपल्या गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात केली आहे. तरीही पुढील अठराशे वर्षे जहाजे प्रामुख्याने वनस्पतींच्या धाग्यांच्या जाडजूड दोरांवरच विसंबून राहिली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात सहजी न कुजणारा काथ्या वापरात होता. ब्रिटिश आरमारातील सॅम्युअल ब्राऊन या अधिकाऱ्याने १८०८ मध्ये लोखंडी साखळीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर काही दशकांतच मोठ्या जहाजांवरून दोर हद्दपार झाले. दोर कुजत, खडकावर घासून तुटत आणि जहाजावर प्रचंड जागा अडवीत. साखळीला यांपैकी कोणताच दोष नव्हता.

साखळीचा दुसरा गुण म्हणजे तिचे वजन. पाण्यात ती सरळ रेषेत न राहता झोळीसारखी खाली लोंबते आणि तिचा बराचसा भाग तळावर पडून राहतो. त्यामुळे नांगरावर येणारी ओढ आडवी राहते. वाऱ्याचा झोत आला की बोट मागे सरकते, झोळी थोडी वर उचलली जाते, झोत ओसरला की ती पुन्हा खाली बसते. धक्का अशा रीतीने हळूहळू जिरतो.

परंतु हा गुण सौम्य हवामानापुरताच पुरेसा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. १० मिलिमीटर जाडीच्या साखळीचे पाण्यातील वजन मीटरमागे सुमारे २ किलो भरते. वरच्याच उदाहरणातील ८ मीटर उंची घेतली आणि बोटीची ओढ १०० किलो धरली, तर नांगराजवळ साखळी आडवी राहण्यासाठी सुमारे २९ मीटर लांबी पुरते. वारा दुप्पट होऊन ओढ ४०० किलोंवर गेली, की त्यासाठी सुमारे ५७ मीटर, म्हणजे सातपट लांबी लागते. एवढी साखळी सोडलेली नसेल तर ती तारेसारखी ताठ होते. आणि ताठ झालेल्या साखळीत लवचीकपणा जवळजवळ नसतो. प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला आणि बोटीवरील खुंटाला बसतो.

उथळ पाण्यात ही अडचण अधिक जाणवते. ४०० किलोंच्या त्याच ओढीला उंची ४ मीटरच असेल, तर आवश्यक लांबी दहापट होते. १५ मीटर असेल, तर सव्वापाच पटीवर भागते. साखळी लावली म्हणजे कोठेही थोड्या लांबीवर निभावते, हा समज म्हणूनच घातक ठरू शकतो.

दोराचे गुण-अवगुण

नायलॉनचे दोर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आले आणि दोराने लहान बोटींवर आपले स्थान परत मिळविले. नायलॉनचा मोठा गुण म्हणजे त्याचा ताण. जोराची ओढ आली की तो रबरासारखा लांबतो आणि हिसका पोटात घेतो. वादळात साखळीची झोळी जेथे संपते, तेथे नायलॉनचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. वजनाचा फरक तर विलक्षण आहे. १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी सुमारे १३५ किलो भरते, तर १६ मिलिमीटर जाडीचा तेवढाच नायलॉन दोर १० किलोंच्या आसपास. लहान बोटीच्या नाळेत एवढे लोखंड भरले तर ती पुढच्या बाजूने पाण्यात दबते, आणि ते उपसायला यंत्र लागते.

दोराचा शत्रू म्हणजे घर्षण. तळाशी खडक, शिंपले किंवा टाकून दिलेल्या तारा असल्या, तर एका रात्रीतही दोर कापला जाऊ शकतो. वरच्या टोकाला नाळेच्या कडेवर तो सतत घासला जातो. उन्हाने त्याचे धागे कमजोर होतात. भिजल्यावर नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. गाठ मारल्यास ताकद आणखी कमी होते, म्हणून टोकाला धातूची खोबण बसवून पीळ विणलेला फासा घेणे श्रेयस्कर. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलिनचा दोर नांगरासाठी टाळावा. तो पाण्यावर तरंगतो, बोटींच्या पंख्यात अडकतो, आणि उन्हात लवकर ठिसूळ होतो.

मग निवड कशी करावी?

बहुतेक लहान बोटींसाठी उत्तर दोन्हींच्या संयोगात आहे. नांगराला लागून किमान बोटीच्या लांबीइतकी साखळी आणि तिच्यापुढे नायलॉनचा दोर. तळाशी घासण्याचा भार साखळी सोसते, आपल्या वजनाने ओढ खाली ठेवते, आणि लाटांचे हिसके दोर सोसतो. मुंबई बंदरातील किंवा कोकणच्या खाड्यांतील चिखलात अशी व्यवस्था चांगली चालते. दिवसभर गळ टाकून संध्याकाळी परतणाऱ्या होडीला याहून अधिक लागत नाही.

जी बोट रात्रंदिवस नांगरावर राहते किंवा मालवणसारख्या खडकाळ भागात उभी राहते, तिला संपूर्ण साखळी घेणे हिताचे. मात्र त्यासोबत आठ-दहा मीटरचा नायलॉन दोर हवाच. त्याचे एक टोक आकड्याने साखळीत अडकवायचे, दुसरे बोटीच्या खुंटाला बांधायचे आणि मधली साखळी थोडी सैल सोडायची. हिसका मग दोर घेतो; तो तुटलाच तर साखळी मागे उभी असते.

गर्दीच्या ठिकाणी आणखी एक पथ्य पाळावे लागते. वारा किंवा प्रवाह फिरला की प्रत्येक बोट आपल्या नांगराभोवती फिरते. साखळीवरील बोट लहान वर्तुळात, तर दोरावरील बोट मोठ्या वर्तुळात. शेजारची बोट कशावर उभी आहे, हे विचारून घेतल्यास मध्यरात्रीची टक्कर टळते.

देखभालीच्या बाबी साध्या आहेत, पण दुर्लक्षही त्यांच्याकडेच होते. साखळी जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. मुलामा जाऊन कड्या झिजू लागल्या की ती बदलावी. साखळी व नांगर जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेने बांधून टाकावी, अन्यथा हेलकाव्यांनी ती सुटू शकते. दोर जेथे नाळेवर घासतो तेथे जाड कापड किंवा पाण्याच्या नळीचा तुकडा चढवावा. साखळीचे आतले टोक बोटीला दोरीने बांधावे. संकटसमयी नांगर सोडून पळ काढायचा झाल्यास ती सुरीने कापता येते. आणि नांगर टाकल्यावर इंजिन हलकेच मागे चालवून, किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरून, बोट जागची हलत नाही ना हे पाहिल्याशिवाय झोपू नये.

पावसाळ्यात कोकणातील मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. खवळलेल्या समुद्रात नांगरावर किती भरवसा ठेवायचा, याचे त्यांचे उत्तर त्यातच आहे. उरलेल्या आठ महिन्यांसाठी मात्र दोर आणि साखळी यांचा योग्य मेळ, भरतीचा हिशेब आणि लांबी सोडताना हात आखडता न घेणे, एवढे तरी प्रत्येक बोटमालकाने पाळावयास हवे.