न ठणकणारा कान

रोगप्रतिकारशक्ती कमजोर असलेल्या मुलांमध्ये मधल्या कानाचा जंतुसंसर्ग बरेचदा ठणक्याशिवाय येतो. ताप नसतो, रात्रीचे रडणे नसते, मूल कानाला हात लावून दाखवत नाही. सकाळी उशीच्या अभ्र्यावर वाळलेला पिवळसर डाग दिसतो, किंवा मुलाला जवळ घेतल्यावर कानाशी आंबूस वास येतो, एवढेच. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असा अर्थ घरात काढला जातो, आणि या मुलांच्या बाबतीत नेमकी हीच समजूत सर्वांत महागात पडते.

कान का ठणकतो, हे आधी समजून घ्यावे लागते. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते. युस्टेशियन नळी तिला नाकाच्या मागच्या भागाशी जोडते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की पोकळीत द्रव साठतो, नाकातले जंतू त्यात वाढतात आणि त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येतात. पू होतो, पडदा आतून ताणला जातो, आणि पेशींनी सोडलेली रसायने मज्जातंतूंना डिवचतात. ठणक्यातला मोठा भाग असा जंतूंपेक्षा शरीराच्या प्रतिकारातून आलेला असतो. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे नोंदवली होती: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ज्या शरीराला नीट लढताच येत नाही, तिथे ही चारही लक्षणे फिकी पडतात.

याचे ठळक उदाहरण १९६६ साली वैद्यकात नोंदले गेले. वारंवार गळवे येणाऱ्या मुलींची ती नोंद होती. गळवांत भरपूर पू असूनही ती लाल वा गरम नव्हती आणि फारशी दुखतही नव्हती. डॉक्टरांनी त्यांना ‘थंड गळवे’ म्हटले आणि आजाराला बायबलमधल्या व्याधिग्रस्त जोबचे नाव दिले. या आजारात कान आणि फुप्फुसांचे संसर्गही पुन्हा पुन्हा होतात. धोक्याचा संदेश पेशींच्या आत पोहोचवणारी प्रथिनेच सदोष असतील, तर गंभीर संसर्गातही ताप उशिरा चढतो किंवा चढतच नाही. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या, किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचेही असेच होते. लढणाऱ्या पेशी कमी पडल्या की पू कमी, दाह कमी आणि वेदनाही कमी.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या प्रत्येक मुलाचा कान मुकाट्याने बिघडतो असे मात्र नाही. ज्यांच्या शरीरात फक्त प्रतिपिंडे कमी बनतात, त्यांच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच अंशी काम करत असतात आणि सुरुवातीचे संसर्ग इतर मुलांसारखेच ठणकतात. वेदना नाहीशी होते ती पुढे, आणि निराळ्या कारणांनी. एक म्हणजे पडदा फुटतो. पू बाहेर यायला वाट मिळाली की आतला दाब उतरतो आणि ठणका थांबतो. म्हणूनच ‘कान फुटला’ की घरातल्यांना हायसे वाटते. निरोगी मुलात तो पडदा बहुधा काही दिवसांत भरून येतो. प्रतिकार दुबळा असेल तर छिद्र तसेच राहते आणि कान महिनोन्‌महिने वाहतो, न दुखता. दुसरे कारण अर्धवट उपचारांचे. प्रतिजैविकाचा डोस दोन-तीन दिवसांत सोडला, पुन्हा दुसरे सुरू केले, की लक्षणे दबतात पण संसर्ग धुमसत राहतो. तिसरे कारण पडद्यामागे साठणाऱ्या चिकट द्रवाचे; त्यात वेदना नसते, ऐकू तेवढे कमी येते. शिवाय जे मूल सहाव्या-सातव्या महिन्यापासून असल्याच कानांनी जगत आले आहे, त्याला चांगला कान कसा असतो हे माहीतच नसते. ते तक्रार कशाची करणार?

त्यामुळे ओळख पटवायची ती वेदनेवाचून. सर्वांत विश्वासाची खूण ऐकण्याची. चिकट द्रवामुळे साधारण २५ ते ३० डेसिबल ऐकू कमी येते, म्हणजे कुजबूज आणि शेजारच्या खोलीतली हाक निसटते. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, ‘काय?’ ‘काय?’ करत राहते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. शाळेत त्याच्यावर ‘लक्ष नसते’ असा शिक्का बसतो. दीड-दोन वर्षांचे मूल शब्द उशिरा बोलू लागते किंवा बोललेले शब्द अस्पष्ट राहतात. काही मुले चालताना अकारण अडखळतात, कारण तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानातच असते. तान्ह्या बाळात खुणा आणखी पुसट असतात: दूध अर्धवट सोडणे, वजन न वाढणे, आडवे केल्यावर चिडचिड. कान ओढण्याला मात्र फार महत्त्व देऊ नये. बाळे झोप आली की, दात येताना किंवा नुसती सवय म्हणूनही कान ओढतात.

कान वाहत असेल तर स्रावाचा रंग, वास आणि दिवस पाहावेत. भारतातल्या बालआरोग्य कार्यक्रमाच्या नियमानुसार १४ दिवसांपेक्षा कमी वाहणारा कान तीव्र आणि १४ दिवस किंवा अधिक वाहणारा कान जुनाट धरला जातो. पातळ स्राव नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तर क्षयरोगाचा विचार करावा लागतो. कानाचा क्षय सहसा न दुखताच सुरू होतो, पडद्याला कधी एकापेक्षा जास्त छिद्रे पाडतो, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाही. काही जन्मजात दोषांत बाळाला जन्मतः दिलेली बीसीजी लसच शरीरात पसरते. लसीची जखम महिनोन्‌महिने न भरणे किंवा त्याच बाजूच्या काखेत गाठ वाढणे, आणि सोबत वाहता कान, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

तपासणीत दुर्बिणीने पडदा पाहणे हे पहिले काम. पडदा लाल नसला तरी तो फुगलेला, धुरकट किंवा हवेच्या हलक्या झोताने न हलणारा असू शकतो. टिंपॅनोमेट्री ही काही सेकंदांची, न दुखणारी चाचणी पडद्यामागे द्रव आहे का, हे सांगते. बोलू न शकणाऱ्या मुलांची श्रवणशक्ती बेरा चाचणीने मोजता येते. वाहत्या कानातल्या स्रावाचे कल्चर प्रतिजैविक बदलण्याआधी घ्यावे, कारण या मुलांत नेहमीच्या न्यूमोकोकसऐवजी स्युडोमोनास किंवा बुरशीही सापडते.

कानावरून प्रतिकारशक्तीचा दोष हुडकण्याची वाट उलट दिशेने जाते. वर्षभरात कानाचे चार किंवा अधिक नवे संसर्ग हा जेफ्री मॉडेल फाउंडेशन या संस्थेने प्रसृत केलेल्या दहा धोक्याच्या खुणांपैकी एक आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे पहिल्या सहा महिन्यांत ओसरतात, म्हणून तोवर ठणठणीत असलेल्या मुलाचे कान त्यानंतर सतत वाहू लागले तर हा काळ लक्षात घ्यावा. १९५२ साली अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. त्याला चार वर्षांत १९ वेळा गंभीर संसर्ग झाला होता आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेले प्रथिन, जवळजवळ नव्हतेच. बाहेरून ते टोचल्यावर मूल सुधारले. या आजारात घसा पाहताना टॉन्सिल दिसतच नाहीत, ही खूण साध्या टॉर्चनेही कळते. विस्कॉट-आल्ड्रिच आजारात मुलग्यांना वाहत्या कानाबरोबर इसब असतो आणि प्लेटलेट कमी असल्याने अंगावर निळे डाग उठतात. हे दोन्ही आजार आईकडून मुलग्याकडे येतात, म्हणून आजोळी लहानपणी दगावलेले मामा होते का, हा प्रश्न कान तपासतानाच विचारायला हवा. आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत दोन्हीकडून येणारे दोष अधिक दिसतात.

पहिल्या चाचण्या सोप्या आहेत: पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसह रक्तगणना, आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांची पातळी. या चाचण्या प्रतिपिंडांची औषधी मात्रा देण्यापूर्वीच कराव्यात, नाहीतर आकडे ती प्रतिपिंडे देणाऱ्या दात्यांचे दिसतात. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे या आजारांवर अनेक वर्षे काम चालते.

निदान झाल्यावरही कानावरची नजर हटवता येत नाही. उपचार म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः आयजीजी असतात. नाक-कानाच्या अस्तरावर पहारा देणारे आयजीए त्यातून मिळत नाही, म्हणून न्यूमोनिया थांबला तरी कान अधूनमधून वाहू शकतो. अशा मुलाचा कान प्रत्येक भेटीत, तक्रार नसली तरी, दुर्बिणीने पाहिला गेला पाहिजे.

घरात लसणाचे कोमट तेल कानात सोडण्याची रीत जुनी आहे. वाहत्या कानात ती घातक ठरते, कारण फुटलेल्या पडद्यातून तेल थेट मधल्या कानात जाते. स्वच्छ मऊ कापडाची वात करून स्राव टिपावा, कान कोरडा ठेवावा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज कोणतेही थेंब घालू नयेत. काही थेंबांतली औषधे आतल्या कानाला इजा करतात. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणे, तोंड एका बाजूला वाकणे, डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संसर्ग कानामागच्या हाडात किंवा मेंदूपर्यंत शिरल्याची ती चिन्हे असतात, आणि या मुलांत तोवरचा सारा प्रवास ठणक्याविना झालेला असू शकतो.

ज्या घरात मुलाचा कान वारंवार वाहतो, तिथे एक साधी वही ठेवावी: तारीख, कोणता कान, किती दिवस वाहिला, कोणते औषध, दुखला की नाही. वर्षात चौथी नोंद झाली की ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि मुलाची प्रतिपिंडे तपासायची का, हे थेट विचारावे.