ओल मागे, गळती पुढे

जुन्या मोटारीखाली पाणी दिसले की माणूस वाकतो आणि ओलीच्या बरोबर वरच्या भागावर बोट ठेवतो. शोध तिथेच चुकतो.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात शेजारच्या काकांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिच्याखालची ओल इंजिनाच्या मागच्या अंगाला पडायची. रेडिएटर रोज सकाळी तांब्याभर पाणी मागायचा. येणारा-जाणारा सांगून जायचा, “हेड गॅस्केट गेलं, काका.” हेड उतरवायचे म्हणजे खर्चाला तोंड फुटले.

मिस्त्री मुद्दाम सकाळी आले, इंजिन गार असताना. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या टोपणातली स्प्रिंग दाब धरून ठेवते म्हणूनच ते त्यापुढेही पाणी राहते. गरम गाडीचे टोपण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि उकळता फवारा थेट अंगावर येतो.

आधी त्यांनी हेडची शंका फेडली. ऑइलची पट्टी ओढून बघितली, दुधट फेस नव्हता. टोपण काढून इंजिन सुरू केले, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मग इंजिन बंद करून रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवला आणि दाब भरला. काही होजच्या क्लिपा गार असतानाच गळतात आणि रबर तापून फुगले की गप्प होतात, म्हणून ही तपासणी गारच करायची. होज कोरडे होते, पण पंपाचा काटा सावकाश खाली येत होता.

मिस्त्रींनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून एकेका सांध्याखाली धरल्या. भिजली ती सगळ्यात पुढची, वॉटर पंपाखालची. इंजिन बंद असताना थेंब सरळ खाली पडत होता. चालू असताना पंख्याचा वारा तोच थेंब ब्लॉकच्या कडेने मागे पळवत होता. टॉर्चच्या उजेडात त्या वाटेवरचा क्षारांचा पांढरा ओघळ स्पष्ट दिसला. पंख्याचे पाते धरून हलवले तर शाफ्टला खेळ होता.

पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, एवढ्यासाठी ते ठेवलेले. काकांनी एम-सीलचा विषय काढताच मिस्त्री म्हणाले, “काका, हे भोक बुजवायचं नसतं. गळणं हे त्याचं कामच आहे.” रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपायही त्यांनी मोडीत काढला, आणि ते मला पूर्ण पटले. घाटात अडकलेल्याला हळद घरी पोचवील, पण नंतर तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते.

सील जाण्याचे कारण वय आणि पाणी. १०८९ सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. वर्षानुवर्षे नुसते बोअरचे पाणी भरले की क्षार साचतात, गंज सुटतो आणि तो कचरा सील घासत राहतो. कूलंटचा खरा उपयोग इथे आहे. बर्फ न पडणाऱ्या गावातही तो हवाच. सील आणि बेअरिंग नाना पेठेत मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा हे भाग पुढे किती दिवस मिळतील याची काळजी वाटते.

पंप बसल्यावर टोपण उघडे ठेवूनच इंजिन चालवले. वरचा होज दाबून अडकलेली हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंटची भर घातली. इंजिन गार झाल्यावर पुन्हा हातपंप लावला. काटा जागचा हलला नाही. काका लगेच चक्कर मारायला निघाले, तर मिस्त्रींनी थांबवले. “मोकळ्या रस्त्यावर काय कळणार? संध्याकाळी सातला लक्ष्मी रस्त्यानं न्या.” तिथे गाडी पावलापावलाने सरकते, समोरून वारा मिळत नाही, बेल्टवरचा पंखा इंजिनाबरोबर मंदच फिरतो आणि दाब पुरता चढतो.