टिळकांच्या घरचं पाणी

मैत्रिणींनो, मिशनरी म्हटलं की आफ्रिकेच्या रानात फिरणारा गोरा पाद्री डोळ्यांपुढे येतो, हो ना? पण चिखलीत उन्हाळ्यात हंडे मोजणाऱ्या तुम्हा-आम्हाला नगर-राहुरीकडे संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक अधिक कळतील.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं नातेवाइकांत काढली. मग आल्या, त्याही चूल वेगळी ठेवून. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि राहायचं एकत्र! रोज सकाळी उठून काय होत असेल, बघा विचार करून. शिवायचं कुणाला, पाणी कुणाच्या हातचं प्यायचं? हे प्रवचनानं सुटत नाही. बाईलाच माठापाशी उभं राहून सोडवावं लागतं. त्यांनी सोडवलं, पण आपल्या वेळेनं. १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्या घरात पोटच्या मुलांबरोबर परक्यांचीही लेकरं जेवली. टिळकांच्या हाती पैसा टिकायचा नाही, पाहुणे न सांगता यायचे (कवीची बायको ना!). हे सारं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसत-हसत सांगितलंय. शाळेत न गेलेल्या बाईनं, बरं का!