बिडाच्या पाठीवर काचेची पट्टी

मिलिंग मशीनला डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट) बसवायचा, म्हणजे कागदावर अगदी सोपं काम. अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतली पट्टी टेबलाच्या पाठीला, रीडर हेड सॅडलला, केबल डिस्प्लेला, झालं. प्रत्यक्षात भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या मशीनवर ते हिरवे-लाल आकडे खरे यायला लागेपर्यंत चांगल्या फिटरचाही जीव मेटाकुटीला येतो. ही दगदग नेमकी कशापायी होते, ते पाहण्यासारखं आहे.

आधी पट्टी हवीच कशाला, ते पाहू. बिनडीआरओच्या मशीनवर टेबल किती सरकलं, हे आपण हँडलवरच्या रिंगेवर वाचतो. स्क्रूचा पिच 5 मिमी आणि रिंगेवर 100 भाग असतील, तर एक भाग 0.05 मिमी. पण रिंग सांगते ती स्क्रू किती फिरला हे. टेबल किती सरकलं, याचा तिला पत्ता नसतो. स्क्रू आणि नट झिजलेले असले, की हँडल उलटं फिरवताना रिंगेवरचे काही भाग पुढे जातात आणि टेबल जागचं हलत नाही. म्हणून जाणता मिलर नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. डीआरओची पट्टी स्क्रूला विचारतच नाही. ती थेट टेबलाला विचारते.

आणि विचारते कशी! त्या खोळीत काच असते आणि काचेवर रेघा असतात. साधारण 5 मायक्रॉन दाखवणाऱ्या पट्टीत 10 मायक्रॉन काळी रेघ, 10 मायक्रॉन कोरी जागा, असं 20 मायक्रॉनचं एक घर. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे एका केसाखाली अशी तीन घरं झाकली जातात. अर्ध्या मीटरच्या पट्टीवर 25,000 घरं होतात. ती एकेक करून बघायला सूक्ष्मदर्शक लागला असता. हेडमध्ये मात्र असते फक्त तशाच रेघांची दुसरी छोटी काच, एक दिवा आणि प्रकाश टिपणारे काही डोळे.

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले, की त्यांच्यावर रुंद, सळसळणाऱ्या सावल्या उमटतात. धागे बारीक, सावल्या मात्र हातभर दुरूनही दिसतात. इथे तेच घडतं. 20 मायक्रॉनच्या दोन जाळ्या एकमेकींशी फक्त 0.1 अंश कोनात ठेवल्या, तर पडणाऱ्या पट्ट्यांमधलं अंतर जवळपास 11.5 मिमी भरतं. एक काच 20 मायक्रॉन सरकली, की सावली पूर्ण 11.5 मिमी चालून जाते. भिंगाशिवाय साडेपाचशे पटींहून मोठं झालेलं माप! पुष्कळ हेडमध्ये काचा असा कोन न देता समांतरच ठेवतात. मग सावली चालत नाही, सगळी खिडकी आळीपाळीने उजळते आणि काळवंडते. एकमेकींपासून पाव घर सरकवलेल्या दोन खिडक्या ठेवल्या, की आधी कोणती उजळली यावरून दिशा कळते आणि एका घराचे चार भाग पडतात. 20 भागिले 4, म्हणून 5 मायक्रॉन.

या सावल्यांचा उपयोग रेघांची जाळी तपासायला करता येईल, हे लॉर्ड रेली यांनी 1874 मध्येच सांगितलं होतं. अडचण होती ती इतक्या बिनचूक रेघा मारण्याची. रेघा मारणारं यंत्रही अखेर स्क्रूवरच चालणार आणि स्क्रूचा दोष रेघेत उतरणार. इंग्लंडमध्ये सर टॉमस मर्टन यांनी त्यावर काढलेली तोड मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्यांनी नटाला आतून मऊ, दबणारं अस्तर लावलं. तो नट एकाच वेळी स्क्रूच्या अनेक आट्यांना टेकायचा, त्यामुळे एखाद्या आट्याची चूक इतरांच्या गर्दीत विरून जायची. त्या नटाच्या चालीवर नळकांड्यावर नवी, जास्त शुद्ध आटी कापायची, तिच्यावरून पातळ पापुद्रा सोलायचा आणि सपाट करायचा, की रेघांची जाळी तयार. 1950 च्या दशकात एडिंबरोच्या फेरँटी कंपनीने अशा जाळ्यांच्या सावल्या मशीनच्या मोजमापाला जुंपल्या. कडक धातूला न साधलेली शुद्धता मऊ अस्तराने दिली!

आता ही नाजूक वस्तू घेऊन मशीनच्या मागे या. टेबलाची पाठ म्हणजे ओतीव बीड. तिला बहुधा मशीनिंग झालेलं नसतं, वर पुट्टी आणि रंगाचे थर. स्क्रू आवळला की पुट्टी दबते आणि नुकतीच सरळ केलेली पट्टी पुन्हा तिरकी होते. म्हणून आधी रंग खरवडायचा, मग ड्रिल, टॅप, शिम, ग्रब स्क्रू. डायल इंडिकेटर लावून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आधी वरच्या अंगाने, मग बाजूच्या. एक टोक बसवलं की दुसरं हलतं. क्रॉस स्लाइडच्या बाजूला तर पट्टीला जागाच नसते. कधी लॉकचा दांडा आड येतो, कधी टेबलाची चाल थोडी गमवावी लागते. खोळीचे रबरी ओठ खाली किंवा आडोशाला ठेवायचे, नाहीतर कूलंट आणि बिडाची भुकटी आत जाते.

पट्टी जराशी तिरकी राहिली तर माप किती चुकेल? 500 मिमीत 1 मिमी तिरकी असेल, तर फक्त 1 मायक्रॉन. माप जवळजवळ चुकतच नाही! सरळपणाचा आग्रह असतो तो हेडसाठी, कारण काचेवर धावणारा त्याचा छोटा गाडा तिरक्या वाटेवर अडकतो आणि झिजतो.

मोठी चूक दुसरीकडून येते. जेनाच्या झाइस कारखान्यातले अर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की मापपट्टीची रेषा आणि मोजायच्या लांबीची रेषा एकच असावी. मिलिंग मशीनवर ते जमत नाही. कटर वर, पट्टी मागे आणि खाली. टेबल टोकाला गेलं की स्वतःच्या वजनाने किंचित कलतं. हा कल कोनाच्या मापात 10 सेकंद, म्हणजे मीटरभर पट्टीचं टोक 0.05 मिमी उचलण्याइतका असला आणि पट्टी कटरपासून 200 मिमी खाली असली, तर जवळपास 10 मायक्रॉनची चूक होते. डिस्प्ले ती दाखवत नाही.

त्यात आपला मे महिना. लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची, असं 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलं. शेडमध्ये 35 अंश असतील, तर मशीनवरच्या जॉबचं 500 मिमी अ‍ॅल्युमिनियम सुमारे 170 मायक्रॉन वाढलेलं असतं आणि काचेची पट्टी साधारण 60. फरक 110 मायक्रॉनचा, म्हणजे शेवटच्या आकड्याची बाविसेक पावलं.

टेबलाचा कल आणि शेडमधली उष्णता बसवणाऱ्याच्या हातात नसतात, ब्रॅकेट असतो. तेव्हा डीआरओ बसवणार असाल, तर सगळ्यात जास्त वेळ रीडर हेड धरणाऱ्या ब्रॅकेटला द्या. जाड, आखूड आणि न लवणारा ब्रॅकेट करा. काम झालं की स्पिंडलला डायल लावून टेबल डावीकडून एका खुणेवर आणा, आकडा लिहा, मग उजवीकडून त्याच खुणेवर आणा. टेबलाच्या मध्यावर करा, दोन्ही टोकांनाही करा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत, तर बहुधा ब्रॅकेट लवतोय. तो पुन्हा करा.